अपघात दैवाने होत नाहीत : शेतातील व वनातील श्रमिकांच्या सुरक्षिततेचा विचार

कारखान्यात अपघात झाला की त्याची नोंद होते, चौकशी होते, निरीक्षक येतो. शेतात अपघात झाला की बहुधा एवढेच म्हटले जाते, ‘नशिबात होते, टळले नाही.’ या एका वाक्याने पुढचा सारा विचार थांबतो. हात कोणत्या कारणाने गेला, विष अंगात कोणत्या वाटेने शिरले, साप नेमका कोणत्या वेळी चावला, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मग पुढल्या हंगामात तोच अपघात दुसऱ्या घरी घडतो.

या लेखाचा हेतू हे प्रश्न विचारण्याचा आहे. आपल्या बँकेच्या ग्राहकांत शेतकरी आहेत, शेतमजूर आहेत, बागायतदार आहेत, कृषी सेवा केंद्रांचे चालक आहेत, तसेच शहरात नोकरी करून गावची शेती सांभाळणारेही पुष्कळ आहेत. त्यांतील प्रत्येकाच्या हाती या विषयाचा एखादा तरी धागा आहे.

प्रश्नाचा आवाका

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ११.८७ कोटी शेतकरी आणि सुमारे १४.४३ कोटी शेतमजूर होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेतीची गणना खाणकाम व बांधकाम यांच्याबरोबरीने जगातील सर्वाधिक धोक्याच्या तीन व्यवसायांत करते. तिच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी किमान १ लाख ७० हजार शेतीश्रमिक कामावर असताना प्राण गमावतात. शेतीतील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीचा १८४ क्रमांकाचा करार या संघटनेने २००१ साली स्वीकारला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

शेताला कुंपण असले तरी फाटक नसते. तेथे मालक, मजूर, त्यांची मुले आणि जनावरे एकाच जागी वावरतात. काम हंगामी, घाईचे आणि पुष्कळदा उक्ते असते. त्यामुळे कारखान्याचे नियम जसेच्या तसे शेतात नेता येत नाहीत. तरीही सुरक्षाशास्त्राचे एक मूलतत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते. प्रथम धोकाच दूर करावा. ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय निवडावा. तेही शक्य नसेल तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये भक्कम अडथळा उभा करावा. त्यानंतर नियम व प्रशिक्षण यांचा क्रम लागतो आणि सर्वांत शेवटी हातमोजे, मुखपट्टी यांसारखी साधने येतात. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. मजुराला ‘जपून काम कर’ असे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे मानले जाते.

मळणी यंत्राने शिकवलेला धडा

हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश या भागांत गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले आणि त्याबरोबर विजेवर वा ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रेही आली. या यंत्रांत पेंढ्या हाताने सरकवाव्या लागतात. प्रारंभीच्या अनेक यंत्रांची पन्हळ आखूड व उघडी होती. पेंढी आत ढकलणारा हात फिरत्या ड्रमपर्यंत सहज पोचे. पावसापूर्वी मळणी उरकण्याची घाई, रात्री मिळणारी वीज, डोळ्यांवरची झोप आणि यंत्राचा तासाप्रमाणे आकारला जाणारा भाव, असा सारा योग जुळून येई. बोटे, मनगट, कधी कोपरापर्यंतचा हात गमावलेले तरुण गावोगाव दिसू लागले.

या संकटावर दोन प्रकारचे उपाय संभवत होते. एक, मजुरांना सावध राहण्याचा उपदेश करणे. दुसरा, हात ड्रमपर्यंत पोचणारच नाही असे यंत्र बनवणे. अभ्यासकांनी दुसरा मार्ग धरला. भारतीय मानकाने पन्हळीची लांबी किमान ९० सेंटिमीटर असावी आणि तिचा ड्रमकडील किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ठरवले. पन्हळ झाकलेली व लांब असली म्हणजे थकलेल्या माणसाचा हात घसरला तरी ड्रमपासून दूर राहतो. १९८३ साली संसदेने घातक यंत्रांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागेही मळणी यंत्रांचे हेच अपघात होते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि तिच्याशी जोडलेली देशभरातील संशोधन केंद्रे या विषयावर दीर्घकाळ काम करीत आली आहेत.

मात्र कागदावरील मानक यंत्रावर उतरतेच असे नाही. गावच्या कारागिराने बनवलेले स्वस्त यंत्र आजही आखूड पन्हळीचे असू शकते. काही ठिकाणी मूळची झाकणे ‘कामात अडथळा येतो’ म्हणून काढून ठेवलेली आढळतात. येथे खरेदीदाराची जबाबदारी सुरू होते.

हाच न्याय इतर यंत्रांनाही लावावा. कडबाकुट्टी यंत्राच्या पात्यांवर झाकण हवे आणि काम नसताना चाक फिरणार नाही अशी कडी हवी, कारण त्या चाकाशी खेळणारी मुले घरातलीच असतात. ट्रॅक्टरमागील फिरत्या दांड्यावर आवरण हवे. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा गळ्यातील उपरणे त्यात गुंतले की सुटका करून घेण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन स्वतंत्र पायटे असतात. शेतात वळण्यासाठी ते उपयोगी पडतात, परंतु रस्त्यावर येताना दोन्ही एकत्र जोडले नाहीत तर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो. चालकाभोवती संरक्षक चौकट असेल आणि त्याने आसनपट्टा बांधला असेल, तर ट्रॅक्टर उलटला तरी प्राण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. उसाच्या वा कापसाच्या ट्रॉलीमागे लाल परावर्तक लावण्यास फार खर्च येत नाही. त्याच्या अभावी रात्रीच्या वेळी मागून येणारे दुचाकीस्वार प्राणास मुकतात.

विषाची वाट : त्वचेतून, श्वासातून

कीटकनाशकांविषयीच्या आपल्या कायद्याचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्यपदार्थ आणि विष यांची एकत्र वाहतूक झाली होती. या घटनेच्या चौकशीनंतर झालेल्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. या नियमांत फवारणाऱ्यास संरक्षक वेश देणे, त्याची वैद्यकीय तपासणी करणे आणि त्याला प्रशिक्षण देणे यांविषयी तरतुदी आहेत.

तरीही २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्य शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. या प्रसंगाचा अभ्यास केला असता कोणतेही एकच कारण पुढे येत नाही, अनेक कारणांची साखळी दिसते. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, त्यामुळे फवारा पायांकडे न पडता चेहरा व छाती यांवर येत होता. बॅटरीच्या वा इंजिनाच्या पंपांतून निघणारे सूक्ष्म तुषार धुक्यासारखे हवेत तरंगत राहत होते. हवा उष्ण व दमट होती. कीड आटोक्यात येत नाही म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. मजूर दिवसामागून दिवस एका शेतातून दुसऱ्या शेतात फवारणीच करीत होते. अंगावर रोजचाच सदरा, पाय अनवाणी आणि तोंडाला फार तर रुमाल, असा त्यांचा वेश होता.

येथे एक शास्त्रीय बाब ध्यानी घ्यावी. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष प्रामुख्याने त्वचेवाटे शिरते. घामाने भिजलेल्या कपड्यांवर औषध पडले की तो कपडाच विषाचा लेप होऊन बसतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जातंतूंकडून स्नायूंकडे आज्ञा पोचवण्याच्या क्रियेवर आघात करतात. ही आज्ञा नेणारे रसायन काम होताच नष्ट करणारे एक विकर शरीरात असते. कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. परिणामी घाम, लाळ व अश्रू यांचा पूर, उलट्या, पोटात कळा, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावणे, स्नायूंचे थरथरणे आणि अखेरीस श्वास बंद पडणे, असा क्रम दिसतो. या विकराची भरपाई होण्यास बरेच दिवस लागतात. म्हणून रोज थोडे थोडे विष अंगात गेले तरी आठवड्याच्या शेवटी माणूस अचानक कोसळू शकतो. ‘काल तर काही झाले नव्हते,’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

औषधाच्या डब्यावर तिरप्या ठेवलेल्या चौकोनाचे चिन्ह असते. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अधिक विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. अक्षरओळख नसलेल्यालाही हे चार रंग शिकवता येतात. परंतु फवारणाऱ्या मजुराच्या हाती डबा क्वचितच येतो. त्याला बादलीत कालवलेले मिश्रण मिळते. ज्याने औषध विकत घेतले त्याला रंग ठाऊक असतो आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला तो ठाऊक नसतो. या विषयातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

फवारणीपूर्वी आणि नंतर पुढील पथ्ये पाळावीत :

१. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोचली आहे काय, हे पाहूनच फवारणीचा निर्णय घ्यावा. अनावश्यक फवारणी टाळणे हाच पहिला सुरक्षा-उपाय होय.
२. एकाच कामासाठी दोन औषधे उपलब्ध असतील तर निळ्या वा हिरव्या त्रिकोणाचे घ्यावे. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत.
३. फवारणी सकाळी वा सायंकाळी, वारा मंद असताना करावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालत फवारू नये.
४. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, रबरी हातमोजे, बूट, चष्मा, टोपी व योग्य मुखपट्टी वापरावी. औषध मिसळताना हातमोजे विशेष आवश्यक असतात, कारण त्या वेळी ते तीव्र स्वरूपात असते.
५. गळणारा पंप पाठीवर घेऊ नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये.
६. काम संपताच साबणाने स्नान करावे. कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.
७. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घालावे. नंतर डब्यास भोके पाडून तो पाणवठ्यापासून दूर पुरावा. त्यात पाणी, तेल वा धान्य कधीही साठवू नये.

विषबाधेची शंका येताच रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, त्याचे कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. उलटी करवू नये. दूध, तूप वा तेल पाजू नये. औषधाचा डबा किंवा त्यासोबतचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. प्रत्येक गटातील विषाचे उपचार भिन्न असतात. ॲट्रोपिन हे ऑर्गेनोफॉस्फेट गटावर उपयुक्त ठरते, तर काही गटांवर विशिष्ट उताराच नसतो. कोणते विष हे डॉक्टरांना पहिल्या काही मिनिटांत कळले, तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते.

साप, गोचीड आणि हत्ती

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-निंदणीच्या काळात झाले. केंद्र शासनाने २०२४ साली सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे, हे त्याचे लक्ष्य आहे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांवर चालणारी एकत्रित प्रतिविष लस आपल्याकडे तयार होते. तिची मात्रा रुग्णालयातच द्यावी लागते. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास प्राणांवर बेततो. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व थेट रुग्णालयात न्यावे. पिंडरीपर्यंतचे बूट, रात्री पाणी देण्यास जाताना विजेरी व काठी, जमिनीऐवजी खाटेवर मच्छरदाणी लावून झोपणे, या साध्या उपायांनी कित्येक दंश टळतात. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसालाच दंश करते.

वनात धोक्याचे स्वरूप निराळे असते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर वनात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधून काढला. त्याचा प्रसार गोचिडांमार्फत होतो. २०१५-१६ च्या सुमारास हा रोग गोव्यातील सत्तरी आणि महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग या भागांत आढळला. तेथे तो ‘माकडताप’ या नावाने ओळखला जातो. काजूच्या बागांत राबणारे, लाकूडफाटा व पाला आणणारे यांना त्याचा धोका अधिक असतो. डिसेंबर ते मे या काळात वनात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेस गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, पाल्यावर बसू नये, घरी परतताच गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे.

वन्य प्राण्यांविषयी दोन प्रयोग उद्बोधक आहेत. वाघ बहुधा पाठीमागून झडप घालतो. हे जाणून सुंदरबनात १९८६ पासून वन विभागाने मध व लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागील बाजूस लावण्याचे मानवी मुखवटे दिले. मुखवटा धारण करणाऱ्यांवरील हल्ले प्रारंभी थांबल्याचे आढळले. परंतु हा उपाय प्रत्येकाने रोज पाळण्यावर अवलंबून होता.

तमिळनाडूच्या अन्नमलई डोंगररांगांतील वालपराई येथे दुसरी वाट चोखाळली गेली. चहा-कॉफीच्या मळ्यांतून हत्तींची ये-जा असते. संध्याकाळी घरी परतणाऱ्या मळेकामगारांना हत्ती समोर येईपर्यंत त्याचा पत्ता नसे आणि बहुतेक मृत्यू अशाच अनपेक्षित गाठभेटींत होत. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी वन विभाग व मळेवाले यांच्या साहाय्याने हत्तींच्या ठावठिकाण्याचे संदेश मोबाइलवर व स्थानिक दूरचित्रवाणीवर देण्यास आरंभ केला, तसेच दुरून दिसतील असे लाल दिवे उंच जागी बसवले. हत्ती जवळ असला की नोंदणी केलेला ग्रामस्थ स्वतः मोबाइलवरून दिवा लावू शकतो. जीवितहानी लक्षणीय घटली. येथे हत्ती हटवले गेले नाहीत, केवळ माहिती योग्य वेळी योग्य माणसाला पोचली.

यवतमाळ आणि वालपराई यांतील भेद यातून स्पष्ट होतो. एके ठिकाणी धोक्याची माहिती डब्यावरच राहिली, तर दुसऱ्या ठिकाणी ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत गेली.

बँक ग्राहकाने काय करावे?

यंत्रासाठी कर्ज घेताना आपण किंमत, अश्वशक्ती व हप्ता यांची चौकशी करतो. त्याच वेळी पन्हळीची लांबी, झाकणे, दांड्यावरील आवरण आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह यांचीही चौकशी करावी. थोडी किंमत वाचवून घेतलेले असुरक्षित यंत्र हे कर्जफेडीच्या दृष्टीनेही धोक्याचे असते, कारण हप्ता फेडणारे हातच त्यात जाऊ शकतात.

सर्व काळजी घेऊनही अपघात घडतो, तेव्हा कुटुंबाला आधार हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा पूर्ण कायमचे अपंगत्व यांसाठी २ लाख रुपयांचे आणि एक हात, एक पाय वा एक डोळा गमावल्यास १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वर्ष १ जून ते ३१ मे असे धरले जाते व हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण खंडित होते, हे विसरू नये.

दावा करताना कागदपत्रांचे महत्त्व फार आहे. रस्ता अपघात वा बुडून मृत्यू यांत पोलिसांकडील नोंद लागते. सर्पदंश, झाडावरून पडणे अशा घटनांत तात्काळ घेतलेल्या उपचारांची रुग्णालयातील नोंद ग्राह्य धरली जाते. म्हणजे वेळेवर रुग्णालयात जाण्याने प्राणही वाचतात आणि प्राण न वाचल्यास वारसांचा हक्कही शाबूत राहतो. दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत शाखेत दाखल करावा.

काही राज्यांच्याही योजना आहेत. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा लाभ सातबारावर नाव असलेल्या वहितीधारक शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास मिळतो. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव सातबारावर नसते. त्याच्यासाठी बँक खात्याशी जोडलेला विमा हाच मुख्य आधार उरतो. म्हणून आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक सालगड्याचे व मजुराचे खाते आहे काय, त्यावर विमा आहे काय आणि वारसाची नोंद आहे काय, हे शेतमालकाने हंगामापूर्वी पाहावे. वर्षाचे २० रुपये मालकाने स्वतः भरले तरी तो भार म्हणता येणार नाही.

उपसंहार

या अभ्यासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, अपघाताला कारण असते आणि कारण शोधले की उपाय सापडतो. दुसरी, माणसाने सदैव सावध राहावे ही अपेक्षा अवास्तव आहे. थकलेला, घाईतला, उपाशी माणूस चुकणारच. म्हणून यंत्र, औषध आणि कामाची वेळ यांची निवडच अशी असावी की चूक झाली तरी प्राण जाऊ नयेत. तिसरी, विमा हा सुरक्षेला पर्याय नव्हे. तो गेलेला हात परत देत नाही.

धोका पत्करणारा आणि निर्णय घेणारा हे शेतीत पुष्कळदा दोन भिन्न माणसे असतात. यंत्र निवडणे, औषध ठरवणे, फवारणीची वेळ नेमणे हे निर्णय ज्याच्या हाती आहेत, सुरक्षिततेचे पहिले उत्तरदायित्वही त्याचेच आहे.